कम्बाइंड की ट्रिपल? जीसीएसई विज्ञान निवडताना

इंग्लंडमधल्या शाळेत दहावी-अकरावीच्या वर्गांना जीसीएसईसाठी (सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायची शालान्त परीक्षा) कम्बाइंड सायन्स (जीव, रसायन, भौतिक एकत्र) द्यायचं की ट्रिपल (तिन्ही स्वतंत्र विषय), हा प्रश्न आला की अनेकदा चटकन उत्तर मिळतं: हुशार मुलांना ट्रिपल, बाकीच्यांना कम्बाइंड. मला हे अजिबात पटत नाही. खरा प्रश्न तासिकांचा आहे.

आधी दोन्हींत सारखं काय ते पाहू. सुधारित अभ्यासक्रम सप्टेंबर २०१६ पासून शिकवायला लागले, पहिली परीक्षा २०१८ मध्ये झाली. ग्रेड ९ (सर्वोच्च) ते १. शाळेत घेतलं जाणारं नियंत्रित मूल्यमापन गेलं. प्रात्यक्षिकं मात्र करायचीच असतात आणि त्यांवरचे प्रश्न लेखी पेपरात येतात, किमान १५ टक्के गुणांचे. तारेची लांबी वाढवत रोध मोजायचा प्रयोग घ्या. दोन नोंदींच्या मध्ये स्विच बंद का करायचा? तार तापते आणि रोध बदलतो म्हणून. ज्या मुलाने आकडे भरकटताना स्वतः पाहिलेत, त्याला हे पाठ करावं लागत नाही. म्हणून कोणताही पर्याय घेतलात तरी प्रयोगाच्या तासिकेला कात्री लावू नका.

आता फरक. एक्यूए मंडळाच्या कम्बाइंड ट्रिलॉजीत सहा पेपर, प्रत्येकी सव्वा तास, ७० गुण. हातात दोन जीसीएसई. ट्रिपललाही सहाच पेपर, पण प्रत्येकी पावणेदोन तास, १०० गुण, जीसीएसई तीन. जादा भागात अनुमापन, डोळा आणि मेंदू, अंतराळ असे घटक येतात. सुरेख घटक आहेत, पण वेळ मागतात.

माझ्या मते सर्वांत मोठा फरक निकालात आहे. कम्बाइंडमध्ये सहाही पेपरांचे गुण एकत्र होतात आणि ९-९ पासून १-१ पर्यंतच्या १७ पायऱ्यांवर एकच जोडग्रेड मिळते. जीवशास्त्रात पक्की, भौतिकशास्त्रात अडखळणारी मुलगी इथे सावरली जाते. मात्र फाउंडेशन (सोपा) किंवा हायर (अवघड), जो स्तर घ्याल तो तिन्ही विषयांना एकच. ट्रिपलमध्ये तिला जीवशास्त्र हायर आणि भौतिक फाउंडेशन देता येतं, पण कच्चा विषय निकालात वेगळा दिसतो. त्यात भौतिकच्या पेपरात किमान ३० टक्के गुण गणिती कौशल्यांचे, जीवशास्त्रात १० टक्के. तिचं गणित कसं आहे, हे गणिताच्या शिक्षकांना आधी विचारा.

पालक हमखास विचारतात: कम्बाइंड घेतलं तर पुढे ए लेव्हलला (जीसीएसईनंतरचा विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम) विज्ञान मिळेल का? मिळतं. कॉलेज किती ग्रेड मागतं तेवढं पाहून ठेवायला सांगा.

वेळापत्रकात ट्रिपलसाठी स्वतंत्र जादा तासिका असतील आणि मुलाला तिन्ही विषयांची ओढ असेल, तर ट्रिपल जरूर द्या. कम्बाइंडच्याच तासिकांत ट्रिपल कोंबायचं असेल, तर विभागप्रमुखांना स्पष्ट नाही म्हणा. अशा वर्गात घाईघाईने आधी उरकली जातात ती प्रात्यक्षिकंच.