पालद्यातलं बिनपाटीचं गॅरेज आणि आमच्या स्विफ्टचा टर्बो

इंदूरमधल्या पालद्याच्या या गॅरेजच्या शेडवर पाटी नाही आणि मास्तरांना ती लावायचीही नाही. पाटी लावली की पोरं येतात, म्हणतात. पूर्वी आयटीआयत शिकवायचे, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. गाडीला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवून देणारे इंदुरात आणखीही आहेत, त्यातल्या दोघांकडे आम्ही आधी चौकशी केली होती. एकाने गाडी न बघताच फोनवर 'एकशे चाळीसची पॉवर काढून देतो, ताई' म्हणून सांगितलं. दुसऱ्याने डिझेल गाडीतून निघालेला जुना टर्बो टेबलावर ठेवला आणि आठवड्याभरात गाडी न्या म्हणाला. मास्तरांनी पहिल्या भेटीत टर्बोचं नावही काढलं नाही. चारही प्लग काढले, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) लावला आणि आकडे खडूने शेडच्या पत्र्यावर लिहिले: १७८, १८०, १७६, १८०. मग म्हणाले, बसा, आता बोलू.

मी पोलोग्राउंडला लेथचं जॉबवर्क करते. युनिट सासऱ्यांच्या काळापासूनचं. गाड्यांची हौस आमच्या चिरंजीवांना, मला नाही. पण माप न घेता धातूला हात लावणारा माणूस मला पटत नाही, आणि या गॅरेजबद्दल मी जे लिहितेय ते त्याच नजरेने लिहितेय.

गाडी २००७ ची स्विफ्ट, पेट्रोल, १२९८ सीसीचं जुनं जी१३ इंजिन, कंपनीच्या हिशेबाने ८७ बीएचपी. मुलगा ऑटोक्रॉस करतो, म्हणजे मोकळ्या मैदानात मातीवर वळणं आखून घड्याळाशी शर्यत. गाडी मैदानापर्यंत फ्लॅटबेड ट्रकवर जाते आणि तशीच परत येते. ही अट मास्तरांचीच आहे. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते टर्बो बसवत नाहीत, आणि त्यांचं कारण पक्कं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२ए प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच. गाडी रस्त्यावर चालवणार नाही असा कागद ते गिऱ्हाइकाकडून सही करून घेतात. 'सुपर कॉरिडॉरवर रात्री उडवायची असेल तर दुसरा माणूस शोध, भिया,' असं चिरंजीवांना माझ्या समोर ऐकवलं. माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

जुनं इंजिन का चालतं, हेही त्यांनीच समजावलं. आजची पेट्रोल इंजिनं अकरा-बारा कॉम्प्रेशनची असतात, म्हणजे हवा अकरा-बारा पट दाबतात. टर्बोने आणखी हवा कोंबली की पेट्रोल ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकायला लागतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. या इंजिनचं कॉम्प्रेशन त्यापेक्षा बरंच खाली, म्हणून थोडी जागा शिल्लक आहे. थोडीच. पिस्टन ओतीव आहेत, हेड गॅस्केट कंपनीचं, फार दाब झेलणारं यातलं काही नाही. म्हणून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.४ बार, म्हणजे सहा पीएसआयच्या आत. चिरंजीव ०.६ वर अडून बसले होते. मास्तर म्हणाले, पिस्टन बदलून आण, मग बोलू.

डिझेलच्या टर्बोला त्यांनी का नकार दिला, हा माझा प्रश्न होता, कारण तो तिपटीने स्वस्त पडत होता. उत्तर असं: पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा खूप तापतो, पूर्ण जोरात ९०० अंशांच्या घरात जातो. डिझेलच्या टर्बोमध्ये हलत्या पात्या असतील तर त्या उष्णतेत अडकून बसतात, आणि पाती बंद स्थितीत अडकली की बूस्ट आवरायला कोणी नाही. आम्ही घेतला तो लहान, साधा वेस्टगेटवाला (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट आवरणारी झडप असलेला), नवा.

खरं काम मला दिसलं ते तेलाच्या वाटेत. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल आत येतं पंपाच्या दाबाने, पण परत जाताना त्याला फक्त उतार असतो. परतीची नळी बारीक असली, मध्ये कुठे वर चढली, किंवा संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीखाली उतरली, की तेल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून गळून सायलेन्सरातून निळा धूर यायला लागतो. पुष्कळ लोक संप गाडीवरच ठेवून खालून भोक पाडतात. चुरा आत जातो तो गेलाच. मास्तरांनी संप उतरवला, भोकाची जागा तेलाच्या रेषेच्या वर आखली आणि बुशचं ड्रॉइंग माझ्या हातात दिलं: 'हे तुमच्याकडेच करा ताई, माझ्यापेक्षा चांगलं होईल.' १६ मिलिमीटर आतला व्यास, टिग वेल्डिंग, मग रॉकेल भरून रात्रभर गळती तपासली. स्वतःच्या कामाचं कौतुक करू नये, पण थेंब नाही.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारा रेडिएटर, लागतोच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. मे महिन्यात इंदुरात ४२ अंश असतं. टर्बोने ०.४ बारने दाबलेली हवा बाहेर पडते ती नव्वदच्या आसपास तापून, आणि तापलेली हवा म्हणजे नॉकिंगला निमंत्रण. इंटरकूलरनंतर आमच्या गाडीत ५५ ते ५८ मोजलं. दुसरी गोष्ट धुळीची. मैदानाची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि टर्बोचं ॲल्युमिनियमचं चाक ती चक्क घासून काढते. त्यामुळे दिसायला झक्क असा उघडा कोन फिल्टर त्यांनी लावू दिला नाही. बंद डब्यातला कागदी फिल्टर, थंड हवेच्या बाजूला.

पेट्रोलच्या बाजूला मोठे इंजेक्टर, नवा पंप, हवेचा दाब मोजणारा नवा मॅप सेन्सर (जुन्याला वातावरणाच्या वरचा दाब वाचताच येत नाही) आणि स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक. २००७ च्या रबरी पेट्रोल नळ्या सगळ्या बदलल्या, कारण पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही. इथेनॉलमुळे मिश्रणाचा हिशेबही बदलतो: निव्वळ पेट्रोलला एका भागामागे हवा १४.७ भाग, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणून मास्तर हा आकडा बोलतच नाहीत, फक्त लॅम्डा बोलतात, म्हणजे मिश्रणातली हवा गरजेच्या किती पट. बूस्टमध्ये ०.८२, त्याहून कोरडं (पेट्रोल कमी असलेलं) नाही.

ट्यूनिंग शहराबाहेरच्या एका रोलर डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) झालं, तासाच्या भाड्याने. (पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, चिरंजीवांचा जीव तिथे अडकलेला. पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी.) पंखे लावून, गाडी पट्ट्यांनी बांधून. मास्तरांनी एका तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून इंजिन ब्लॉकच्या बोल्टखाली दाबलं, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी लावून ती कानावरच्या इअरमफमध्ये घातली, नॉकिंग ऐकायला. ठिणगीचं टायमिंग आधीच भरपूर मागे घेतलेलं, पीएसआयमागे एक अंश या धोरणाने. मग अर्ध्या-अर्ध्या अंशाने पुढे. मलाही ऐकवलं. आधी नुसती घरघर, आणि मग एका ठिकाणी तव्यावर मोहरी तडतडावी तसा कोरडा आवाज. लगेच पाय काढला, दोन अंश मागे आले आणि तिथेच थांबले. डायनोचा आकडा अजून चढत होता, तरी थांबले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात ऐकलेलं नाही. वेस्टगेटची दाबाची नळी मुद्दाम काढली, म्हणजे बूस्टला लगामच नाही, आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दिला. ०.५ पार होताच ईसीयूने पेट्रोल तोडलं. मग तेलाच्या दाबाच्या सेन्सरची तार काढली, इंजिन बंद. बूस्टमध्ये मिश्रण कोरडं पडलं तर पेट्रोल तोडण्याची सोयही अशीच खोटा सिग्नल देऊन तपासली. लेथवर आम्ही इमर्जन्सी स्विच दाबून बघतो ना, तेच.

चाकांवर आधी ७० बीएचपी होते, आता ९७. फोनवरच्या एकशे चाळीसपुढे हे काहीच नाही, पण चिरंजीव म्हणतात वळणातून निघताना तीन हजार आरपीएमलाच गाडी ओढते, आणि मातीवर त्यांना तेवढंच हवं होतं.

आता तक्रारी. अंदाजपत्रक तोंडी. क्लच त्यात धरलाच नव्हता. वाढलेल्या टॉर्कला जुना क्लच घसरणार हे त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवं होतं, मला कळलं डायनोवर. एक्झॉस्टचा पाइप ब्रेकच्या नळीच्या फार जवळून नेला होता आणि मध्ये नुसता पातळ पत्रा. मी हरकत घेतली, शेवटी स्टेनलेसचा दुहेरी पत्रा आमच्याच शॉपमधून वाकवून बसवला. माझ्याजागी दुसरं कोणी असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं का? ब्रेक फ्लुइड उकळलं तर पॅडल थेट तळाला जातं, ही काही बारीक बाब नव्हे. वायरिंग मजबूत आहे पण तारांवर एकही खूण नाही. उद्या मास्तर गावाला गेले तर दुसऱ्याने काय समजायचं? आणि वेळ. सांगितलेल्याच्या दुप्पट.

क्लच सोडून सगळं मिळून दोन लाख पस्तीस हजार. त्यात ईसीयू, वायरिंग आणि ट्यूनिंग पाऊण लाखाच्या वर, टर्बो पन्नास हजारांच्या आत. क्लचचे आणखी अकरा हजार. बिल मागितल्यावर मिळालं, जीएसटीसकट. ट्यूनची फाइल आणि डायनोचे सगळे लॉग पेन ड्राइव्हवर दिले, पासवर्ड न लावता. पुष्कळ ट्यूनर फाइल कुलूपबंद ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर त्यांच्याच दारात. या एका गोष्टीसाठी मी वायरिंगच्या खुणा माफ करते.

सोबत एक हाताने लिहिलेला कागदही दिलाय, तो आम्ही डॅशबोर्डच्या आत चिकटवलाय. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक तेल, दर चार शर्यतींनी बदल. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७. धाव संपली की मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करायची, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतो. ९५ ऑक्टेनखाली पेट्रोल नाही.

जायचं असेल तर नेमावर रोडने पालद्याला वळा आणि मास्तरांचं गॅरेज कुठे म्हणून कुठल्याही वेल्डरला विचारा. फोन ते उचलत नाहीत. सकाळी अकराच्या आत जा, त्यानंतर ते गाडीखाली असतात आणि तिथून फक्त हूं-हूं करतात. पहिल्या खेपेला पैसे नेऊ नका, घेत नाहीत. गाडी मात्र थंड इंजिनने टो करून न्या, कारण ते आधी गार कॉम्प्रेशन बघतात आणि मग गरम.