कॉमन अ‍ॅप, समुपदेशकाच्या लॉगिनमधून

अमेरिकेत शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांना कॉमन अ‍ॅप, म्हणजे एकाच ऑनलाइन अर्जाने अनेक कॉलेजांत प्रवेश मागायची सोय, बारावीच्या आधीपासून तोंडपाठ असतं. शाळेच्या समुपदेशकालाही त्यात स्वतंत्र लॉगिन असतं, याकडे मात्र बहुतेक शाळा फक्त 'कागद चढवायची जागा' म्हणून बघतात. मी कोल्हापुरातल्या एका सीबीएसई शाळेत समुपदेशक आहे. माझ्या मते त्या लॉगिनचं मोल फार मोठं आहे, आणि आमच्यासारख्या गावांना तर जास्तच.

कारण साधं आहे. परदेशी कॉलेजांचे अ‍ॅडमिशन अधिकारी मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या शाळांत जातात, तिथल्या समुपदेशकांसोबत चहा घेतात. कोल्हापूरपर्यंत कुणी येत नाही. आमची त्यांच्याशी जी ओळख होते ती आम्ही पाठवलेल्या कागदांवरून.

1975 साली 15 कॉलेजांनी मिळून सुरू केलेली ही सोय आज हजाराहून जास्त कॉलेजं वापरतात. शाळेला एक पैसाही पडत नाही. विद्यार्थ्याने आपलं नाव जोडलं की त्याने निवडलेली कॉलेजं आणि त्यांच्या मुदती दिसू लागतात. मग आपण स्कूल रिपोर्ट (विद्यार्थ्याबद्दल शाळेने भरायचा फॉर्म), शिफारसपत्र, गुणपत्रकं आणि शाळेचं प्रोफाइल पाठवायचं. जानेवारीच्या सुमारास सहामाही-पूर्वपरीक्षेचे गुण मिड-इयर रिपोर्टमधून जातात आणि बोर्डाचा निकाल लागला की फायनल रिपोर्ट.

यातलं प्रोफाइल सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचं. दोन पानांत शाळा समजावून सांगायची. सीबीएसई बारावीचा ए-1 हा सगळ्यात वरचा ग्रेड ठरावीक टक्क्यांना मिळत नाही, त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांना मिळतो, हे तिकडच्या वाचणाऱ्याला कोण सांगणार? आमच्याकडे वर्गात क्रमांक लावत नाहीत, जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) काढत नाहीत, एपीचे (शाळेत शिकवले जाणारे अमेरिकन कॉलेजच्या पातळीचे) विषय नाहीत, बोर्डाचा निकाल मे महिन्यात येतो आणि तोवर त्यांचे निर्णय होऊन गेलेले असतात, हे सगळं मी तिथे लिहिते. स्कूल रिपोर्टमध्ये एक प्रश्न आहे: तुमच्या शाळेत जे शिकायला मिळतं त्या मानाने या विद्यार्थ्याने किती अवघड विषय घेतले? 'तुमच्या शाळेत' हे शब्द मला फार न्याय्य वाटतात. प्रोफाइल नीट असेल तरच त्या उत्तराला वजन येतं.

एक उदाहरण देते. आमच्या एका मुलाच्या घरचं गुऱ्हाळ आहे. अकरावीच्या हंगामात वडील आजारी पडले, आणि शाळा सुटली की हा काहिलीपाशी उभा राहायचा, रात्री गुळाच्या रव्यांचा हिशेब लिहायचा, मार्केट यार्डातल्या सौद्यालाही जायचा. त्या सहामाहीत भौतिकशास्त्राचे गुण घसरले. पत्रात मी हे थोडक्यात लिहिलं होतं. आपल्या भागातले अर्ज वाचणाऱ्या एका अधिकाऱ्याबाईंची मेल आली: घसरण तेवढ्या सत्रापुरतीच होती का? मी मुख्याध्यापकांना कॉपीत ठेवून त्याच संध्याकाळी पुढच्या दोन परीक्षांचे गुण पाठवले. विशेषणं एकही नाही, नुसते आकडे आणि दोन ओळी. पुढच्या वर्षी त्या बाईंनी आपणहून लिहिलं आणि आमच्या मुलांसाठी ऑनलाइन तासभर वेळ दिला. ओळख होते ती अशी.

पालक विचारतात, "मॅडम, तुमची तिकडं वळख हाय न्हवं? मग एक शब्द टाका की." मी त्यांना समजावते की या ओळखीने जागा मिळत नाही, मुलाचा कागद नीट वाचला जातो. म्हणूनच शिक्षकांनी विद्यार्थ्याबद्दल भरायच्या फॉर्ममधल्या 'वरच्या 10 टक्क्यांत', 'वरच्या 5 टक्क्यांत' अशा रकान्यांत सरसकट सगळ्यात वरची खूण करायला मी आमच्या शिक्षकांना मनाई करते. यंदा सगळेच अव्वल म्हणून पाठवले, तर पुढच्या वर्षी खरोखर अव्वल असलेल्या मुलीसाठी आपल्याकडे शब्दच उरत नाही.

आता उणिवा. फॉर्मचा साचा पक्का अमेरिकन आहे. नव्या समुपदेशकाला जीपीए आणि क्रमांकाच्या रकान्यांपाशी घाम फुटतो. शिफारसपत्र सगळ्या कॉलेजांना एकच जातं. आणि मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे, आपल्या भागाचे अर्ज कोण वाचतं हे या लॉगिनमध्ये कळत नाही. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर जाऊन भारताचं काम बघणारा अधिकारी शोधावा लागतो. कागद एकदा गेला की पलीकडे कुणी वाचला का, काही अडलं का, हेही समजत नाही. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या व्यवस्थेत एवढी सोय हवीच.

तरीही लहान शहरातल्या शाळांनी हे लॉगिन क्लार्कच्या हाती सोपवू नये, असं मी आग्रहाने सांगेन. नवे अर्ज 1 ऑगस्टला सुरू होतात, त्यामुळे प्रोफाइल जूनमध्येच ताजं करा. पत्रं लिहिण्याआधी वर्गशिक्षक आणि खेळाच्या सरांशी बोला. विद्यार्थ्याने पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडायचा की नाही, हे त्याला आणि पालकांना समोर बसवून समजावा. आणि अर्ली डिसिजनचा, म्हणजे लवकर करायच्या बंधनकारक अर्जाचा, फॉर्म असेल तर त्यावर विद्यार्थी आणि पालकांबरोबर आपलीही सही असते. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, हे घरी सगळ्यांना कबूल आहे ना याची खात्री झाल्याशिवाय ती करू नका.