वसई मोहिमेवरची गाजलेली कादंबरी: आमच्या ग्रुपचा पार हिरमोड

चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेवरची कादंबरी, त्यात सगळीकडे गाजलेली, आणि अर्धी गोष्ट तर आपल्या ठाण्यातच घडते, म्हटल्यावर आमच्या नौपाड्याच्या वाचन ग्रुपने पावसाळ्यात ती हौसेने घेतली. दिवाळीपर्यंत रेटत रेटत संपवली, नंतर मी निवांतपणे परत चाळली, पण मत काही बदललं नाही.

ठाण्यातच गाडी घसरली. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीजांचं बांधकामसुद्धा पुरं झालं नव्हतं, आणि इथे काय तर अभेद्य दुर्ग, बेलाग कडा, दोर टाकून वर चढणारे वीर! आमच्या कळव्याच्या काकू म्हणाल्या, "अगं, जेलच्या भिंतीला कडा कुठून आला?" (तोच किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल, खाडीलगत, सपाटीवर.) त्यानंतर त्या दिवशी चर्चा अशी झालीच नाही, नुसता हशा. बरं कडा घातलात तर घातलात, पण खाडी कुठे गेली? भरती-ओहोटी नाही, चिखल नाही, होड्या नाहीत, कोळी तर औषधालाही नाहीत. साष्टी बेटावर (ठाणे त्यातच आलं) उतरायचं म्हणजे आधी पाण्याचा अंदाज घ्यायला लागतो, इथे फौज अशी दौडत येते जणू घोडबंदर रोडच तयार होता.

आणि गंगाजी नाईक अंजूरकर! आपल्या भिवंडीजवळच्या अंजूरचा माणूस, ही मोहीम व्हावी म्हणून पेशव्यांच्या मागे लागलेला, त्यांना दीड पान. फिरंगी कप्तानाच्या मुलीला मात्र चार प्रकरणं. काल्पनिक पात्राचं मला वावडं नाही, कादंबरीच आहे ती, पण ही पोरगी चंद्राकडे बघून उसासे टाकण्यापलीकडे काही करतच नाही हो. संवादांचं तर विचारूच नका, पंगतीत कोणी मीठ मागितलं तरी ते भाषण.

ग्रुपमधले एक दादा म्हणाले की निदान पोरं इतिहास वाचतात तरी. पण मग खरा थरार तरी द्या ना त्यांना. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली ती सुरुंगांमुळे, सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाला खिंडार पडलं तेव्हा. कोटाखाली खणणारी माणसं कोण होती, माती कुठे टाकत होते, वरून मारा चालू असताना सुरुंगाची दारू आत कशी नेली, मला तेच वाचायचं होतं आणि ते तीन पानांत उरकलंय. किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत टाका, ही अप्पांची आख्यायिका मात्र तीन वेगवेगळ्या प्रकरणांत.

कागद छान, छपाई छान, नकाशा एकही नाही, मोहिमेच्या पुस्तकात! विकत तर अजिबात घेऊ नका. आमची प्रत काकूंकडे पडून आहे, कोणाला पाहिजे असेल तर खुशाल न्या, परत नाही केली तरी चालेल.