आधी ट्रॅव्हल ट्रेलर, आता फिफ्थ व्हील : ओढण्याचा आणि राहण्याचा अनुभव

‘ट्रॅव्हल ट्रेलर घेऊ की फिफ्थ व्हील?’ असं कोणी विचारलं (दोन्ही म्हणजे ट्रकने ओढायची चाकांवरची घरं), की मी आधी त्यांना त्यांच्या ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बघायला सांगते. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचा एक स्टिकर असतो. गाडीत बसलेली माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असा आकडा त्यावर छापलेला असतो. तोच पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर वाहायचं वजन. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘इतके हजार पौंड ओढतो’ म्हणून जो आकडा असतो, तो वेगळा. बहुतेकांचा निर्णय या पिवळ्या स्टिकरवरच होऊन जातो. आतलं फर्निचर, खिडक्या, फायरप्लेस या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

आम्ही डेनव्हरजवळ राहतो. आधी आमच्याकडे हाफ टन (मोठ्या पिकअपमधल्या हलक्या वर्गातला) पेट्रोल ट्रक आणि त्यामागे २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर होता. गेल्या वसंत ऋतूपासून वन टन (जड वर्गातला) डिझेल ट्रक आणि ३२ फुटी फिफ्थ व्हील आहे. दोन्ही मी स्वतः ओढले आहेत, रिव्हर्स घेतले आहेत, हिचला (ट्रकवरच्या जोडणीला) जोडले-सोडले आहेत. एकाच घरातल्या माणसांनी, त्याच डोंगरांत दोन्ही वापरल्यामुळे तुलना करता येते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या बंपरमागच्या बॉलला, म्हणजे लोखंडी गोळ्याला, जोडतात. फिफ्थ व्हील जोडतात ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचला. त्याचा पुढचा भाग उंच असतो, हौद्यावर झुकलेला, आणि बहुतेक मॉडेलमध्ये तिथेच बेडरूम असते. जोडणीची जागा चार-पाच फुटांनी पुढे सरकते, एवढाच काय तो फरक. पण रस्त्यावर सगळं त्यावरच अवलंबून असतं.

आधी वजनाचं. भरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार बॉलवर येतो, फिफ्थ व्हीलचा १५ ते २५ टक्के भार हौद्यात येतो. आमचा ट्रॅव्हल ट्रेलर पाणी-सामानासह ७,३०० पौंड भरायचा, त्यातले ९५० पौंड बॉलवर. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (बॉलवरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या जोडणीचे) १००, आम्ही चौघं मिळून ५००, हौद्यातल्या सायकली आणि जनरेटरचे १५०. एकूण १,७०० पौंड. ट्रकच्या स्टिकरवर होते १,७८०. म्हणजे भारतातून आई-बाबा आले, की ट्रकमध्ये सीट असूनही त्यांना बसवता येत नसे. दुसरी गाडी काढायची, एकाने ती मागून चालवायची, आणि नातवंडांसोबतचा प्रवास आजी-आजोबांना वेगळ्या गाडीतून करावा लागायचा. मला ते फार लागायचं. ट्रक बदलायचं खरं कारण हेच.

आताचं फिफ्थ व्हील भरल्यावर ११,६०० पौंड होतं आणि हौद्यात सुमारे २,४५० पौंड येतात. हिचचे १५०, आम्ही सहा जण ८००, किरकोळ सामान १५०. झाले ३,५५०. नव्या ट्रकचा स्टिकर ३,९०० सांगतो. हे आकडे ब्रोशरमधले नाहीत, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, तोलून काढलेले आहेत. ब्रोशरमधलं ‘ड्राय वेट’ म्हणजे पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं, कधीकधी बॅटरी आणि गॅससुद्धा वगळून सांगितलेलं वजन. त्यावर हिशेब करू नका. आणि एक सांगून ठेवते: थ्री क्वार्टर टन (मधल्या वर्गातल्या) डिझेल ट्रकवर डोळे झाकून विसंबू नका. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, त्यामुळे अशा बऱ्याच ट्रकांच्या स्टिकरवर २,००० ते २,५०० पौंडच उरतात. इंजिन ओढेल, पण पिनचा, म्हणजे फिफ्थ व्हीलचा हौद्यात येणारा, भार स्टिकरमध्ये बसणार नाही. विक्रेता ‘सगळे ओढतात’ म्हणेल. त्याला तुमच्यासोबत घाट उतरायचा नसतो.

आता ओढण्याचं. इथे मला जराही संकोच नाही, फिफ्थ व्हील सरस आहे. यलोस्टोनला जाताना आम्ही वायोमिंगमधल्या शायेनपासून आय-८० महामार्गाने रॉलिन्सपर्यंत जातो आणि तिथून हायवे २८७ ने लँडर, डुबॉइस, टोगवोटी पास असे. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात, विशेषतः एल्क माउंटनच्या आसपास, वारा किती वाहतो हे तिथून गेलेल्याला सांगायला नको. हलक्या, उंच वाहनांना हा रस्ता अनेकदा बंदच करतात. ट्रॅव्हल ट्रेलर असताना मालवाहू सेमी (लांबलचक ट्रक) शेजारून पुढे गेला, की आधी हवेचा धक्का ट्रेलरला बाहेर लोटायचा आणि मग सेमीच्या मागची पोकळी आत खेचायची. ट्रेलरचं तोंड ज्या बॉलला बांधलेलं, तो मागच्या आसाच्या कितीतरी मागे. त्यामुळे ट्रेलर डावीकडे ढकलला गेला, की ट्रकचं शेपूटही डावीकडे आणि नाक उजवीकडे. ते सरळ करेपर्यंत दुसरा सेमी आलेला असायचा. स्वे कंट्रोलवाला (झोके रोखणारा) हिच, ६० टक्के सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे, टायरमध्ये पुरेपूर हवा, हे सगळं नीट होतं, तरी त्या पट्ट्यात माझे खांदे आखडून जायचे.

फिफ्थ व्हीलमध्ये वारा लागत नाही असं नाही. ते जास्त उंच आहे, धक्का जास्तच बसतो. पण तो धक्का थेट मागच्या आसावर येतो, ट्रकचं शेपूट हलवायला त्याच्याकडे तरफच उरत नाही. ट्रक आणि ट्रेलर मिळून थोडे बाजूला सरकल्यासारखे वाटतात आणि पुन्हा आपल्या जागी येतात. त्याच रस्त्यावर मी आता शेजारी बसलेल्या माणसाशी बोलत गाडी चालवते. अर्थात वाऱ्याचा इशारा असेल तर आम्ही आजही लॅरमीलाच थांबतो.

ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट हाताला वळण लावून ठेवावी. ट्रेलर झोके घ्यायला लागला, तर ट्रकचा ब्रेक मारायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या यंत्राची) हाताने चालवायची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. म्हणजे मागून ट्रेलर ताणला जातो आणि रांगेत येतो. मोकळ्या पार्किंगमध्ये त्या कळीची जागा न बघता सापडेपर्यंत सराव करा.

डोंगर उतरतानाचा फरक मात्र ट्रेलरपेक्षा ट्रकचा जास्त. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि तिथून डेनव्हरकडे येताना लांबच लांब उतार आहे. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट आवळून वेग रोखणारा) लावला, की खालच्या गिअरमध्ये वेग धरून ठेवता येतो, पायाच्या ब्रेकला विश्रांती मिळते. चढावरही पेट्रोल इंजिन विरळ हवेत दमायचं, टर्बोवालं डिझेल तितकं दमत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरपुढे हाच ट्रक लावला असता तर हा फायदा तसाच मिळाला असता, त्यामुळे त्याचं श्रेय फिफ्थ व्हीलला देऊ नये.

जोडणी मला आता सोपी वाटते. ट्रॅव्हल ट्रेलरचा बॉल कॅमेऱ्यात बघत इंचाइंचाने मागे जायचं, मग उतरून जड सळया साखळ्यांना अडकवायच्या, हात ग्रीसने माखायचे. फिफ्थ व्हीलचा हिच मागच्या काचेतून समोर दिसतो. हौद्याचा फाळका खाली पाडायचा आणि ट्रेलरच्या तळाची पाटी हिचच्या पाटीपेक्षा अर्धा-एक इंच खाली ठेवायची, म्हणजे मागे जाताना हिच तिच्याखाली घुसून तिला किंचित उचलतो आणि पिन जबड्यात खट्‌कन बसते. पाटी उंच राहिली तर पिन जबड्याच्या वरच अडकते, बसली असं वाटतं आणि निघाल्यावर अख्खा ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो. म्हणून नवरा टॉर्च घेऊन जबडा पूर्ण मिटलाय का ते बघतो, मी ट्रेलरचे पाय अजून जमिनीला टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढे ओढून बघते, आणि मगच पाय वर, फाळका वर. कितीही घाई असली तरी हा क्रम आम्ही मोडत नाही.

रिव्हर्स घेताना ट्रॅव्हल ट्रेलर लगेच वळतो, फिफ्थ व्हील सावकाश. आधी काहीच होत नाहीसं वाटतं आणि मग ते झपकन आत येतं. पुढे जाताना वळणावरही त्याची मागची चाकं कोपरा जास्त कापतात, त्यामुळे पेट्रोल पंपावर वळण रुंद घ्यावं लागतं. आम्ही आठ फुटी हौद्याचा ट्रक घेतला. आखूड हौदा असेल तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनची काच फोडू शकतो, मग मागेपुढे सरकणारा स्लायडर हिच लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

उंची हा फिफ्थ व्हीलचा खरा जाच. आमचं एसीसकट १३ फूट २ इंच आहे, ट्रॅव्हल ट्रेलर ११ च्या आत होता. हा आकडा मी डॅशबोर्डवर चिकटवला आहे. महामार्गावर प्रश्न येत नाही, पण जुन्या नॅशनल फॉरेस्ट कॅम्पग्राउंडमध्ये पाइनच्या फांद्या कोणी छाटलेल्या नसतात. पूर्वी जिथे बिनधास्त शिरायचो अशा दोन-तीन लाडक्या जागा आता सुटल्या, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडचा विचार मात्र यात करू नका. मधल्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेताच येत नाही, त्यामुळे दोन्ही ट्रेलर खालीच सोडावे लागतात.

राहण्याच्या बाबतीत आईचं मत एका वाक्यात होतं: “हा ओटा आहे, ते फळकुट होतं.” ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पोळपाट ठेवला की तवा ठेवायला जागा नसायची. इथे मधोमध मोठा ओटा आहे. आई एका बाजूला पोळ्या लाटते, मी दुसऱ्या बाजूला भाजी चिरते. छत उंच असल्यामुळे फोडणीचा धूरही डोळ्यांत राहत नाही, वरचा पंखा ओढून घेतो. कुकर दोन्हींत लागतोच. डेनव्हरलाच पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, त्याहून उंचावर डाळ नुसत्या पातेल्यात शिजता शिजत नाही.

पण बेडरूम तीन पायऱ्या वर आहे आणि बाथरूमही तिथेच. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून ते खालीच झोपतात. रात्री दोनदा उठायचं म्हणजे दोनदा त्या अरुंद पायऱ्या. आम्ही कठडा बसवून घेतला, पायऱ्यांवर मंद दिवे लावले, तरी मला झोपेत त्यांच्या पावलांची चाहूल लागते आणि मी जागी होते. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये सगळं एका पातळीवर होतं. म्हणजे ज्यांना सोबत नेता यावं म्हणून हे घेतलं, त्यांनाच आतलं घर अवघड जातं. वयस्क माणसं नेहमी बरोबर असणार असतील, तर जड ट्रक घ्या आणि त्यामागे एकाच पातळीचा ट्रॅव्हल ट्रेलर लावा, असं मी आज सांगेन. पेलोडही सुटतो आणि पायऱ्याही. आमच्याकडे आई-बाबा वर्षातून काही आठवडेच असतात आणि मुलं वाढत्या वयाची आहेत, म्हणून आम्ही हेच ठेवणार आहोत.

विजेचा फरक उन्हाळ्यात कळतो. आधीच्या ३० ॲम्पच्या जोडणीला ३,६०० वॅट मिळायचे, आताच्या ५० ॲम्पला दोन लाइन मिळून १२,०००. युटातल्या मोआबच्या उन्हात दोन एसी आणि इंडक्शन एकत्र चालले. उलट हौदा आता हिचने अडवला आहे. सायकली ट्रेलरच्या मागे टांगतो, सरपण आणि जनरेटरला पूर्वीसारखी मोकळी जागा नाही. वॉरंटीत असताना स्लाइडआउटच्या (थांबल्यावर बाहेर सरकवायच्या खोलीच्या भागाच्या) रबरी कडेतून पाणी आलं, तेव्हा डीलरने ट्रेलर ऐन हंगामात कित्येक आठवडे नुसता अंगणात उभा करून ठेवला. घेण्याआधी विक्रीवाल्याशी कमी आणि सर्व्हिसच्या खिडकीवर रांगेत उभ्या असलेल्या लोकांशी जास्त बोला.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी: तिथे ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. ठराविक वजनाच्या वरच्या ट्रेलरला वेगळं लायसन्स किंवा साध्या लायसन्सवर जादा परवानगी लागते. 

पहिल्यांदाच घेत असाल तर एखादा ट्रॅव्हल ट्रेलर आठवडाभर भाड्याने घेऊन बघा. तो सहज मिळतो. फिफ्थ व्हीलला हौद्यात हिच लागत असल्यामुळे ते भाड्याने क्वचितच मिळतं. जुना ट्रेलर बघायला जाल तेव्हा स्लाइडआउटच्या कोपऱ्यांत आणि बाथरूमच्या दाराशी पायाने जमीन दाबून बघा. लिबलिबीत लागली तर आत पाणी मुरलेलं आहे. टायरची नक्षी नवी दिसली तरी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहूनच म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील, तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करून मागा आणि घरी आणण्याआधीच ते बदलून घ्या.