घरीच राहायचंय, पण मदत कोणती घ्यायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्येष्ठांसाठी

मुलं पुण्याला नाहीतर गोव्याला, आई-वडील टिळकवाडीत, अनगोळात किंवा खानापूरकडच्या गावात. अशा घरात मदतीचा विषय बहुधा कुणीतरी पडल्यावरच निघतो आणि मग घाईघाईत चोवीस तासांची बाई ठेवली जाते. बऱ्याचदा तेवढी गरज नसते. आधी आठवडाभर एवढंच बघा, की काम कोणतं अडतं आणि किती वाजता अडतं. आंघोळ, संडास, कपडे, खुर्चीतून उठणं, घास भरवणं यांतलं काही अडत असेल तर हाताशी माणूस हवा. स्वयंपाक, बाजार, बँक, गोळ्या आणणं एवढंच अडत असेल तर डबा आणि दोन तासांची कामवाली पुरते.

डबा की स्वयंपाकाची बाई? डबा स्वस्त पडतो, पण वेळ डबेवाल्याच्या हातात राहते आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना नेमकी तीच नडते. साधं किंवा मिश्र इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचं असतं. सुई टोचून बसले आणि डबा तासभर उशिरा आला, की घाम, थरथर, बरळणं सुरू. डबा घरात आल्याशिवाय सुई घ्यायची नाही, हे सगळ्यांना बजावून ठेवा. तरीही साखर उतरलीच आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका, 108 लावा.

स्वयंपाकाची बाई महाग पडते, पण ती घरात येते. कालची भाकरी तशीच पडलीय, गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा भरलेलाच आहे, हे तिला दिसतं. एकट्या राहणाऱ्यासाठी हे दिसणं स्वयंपाकापेक्षा मोलाचं, म्हणून परवडत असेल तर आमचं मत तिच्या बाजूने.

मावशी म्हणजे सांभाळायला ठेवलेली बाई. ती ब्युरोची (अशा बायका पुरवणाऱ्या एजन्सीची) की ओळखीची? ओळखीची स्वस्त आणि आपुलकीची, पण गावची जत्रा आली किंवा सुगी लागली की चार दिवस गायब, बदली कोणी नाही. ब्युरो बदली देतो. मात्र किती तासांत देणार, हे कागदावर लिहून घ्या. पोलीस पडताळणीची प्रतही मागा.

चोवीस तासांच्या बोलीत मोठी फसगत रात्रीची असते. म्हातारं माणूस रात्रीत चार-पाच वेळा उठत असेल तर एकच बाई आठवड्यात थकते आणि मग नेमकी पडण्याच्या वेळी झोपलेली असते. तिथे बारा-बारा तासांच्या दोन बायकाच लागतात. लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं, इंजेक्शन देणं ही मावशीची कामं नव्हेत. त्यासाठी नर्सची वेगळी भेट ठरवा. लघवीची साधी रबरी नळी साधारण चार आठवड्यांनी बदलावी लागते, तारीख कॅलेंडरवर टाका.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवायला मावशीला सांगा आणि बघा. काखेत हात घालून ओढत असेल तर खांदा दुखावणार. खुर्ची पलंगाला तिरकी लावून, ज्या अंगात जोर आहे त्या बाजूला ठेवायची, पाय जमिनीवर टेकवायचे आणि कमरेला धरून उठवायचं. हे जिला येतं ती ठेवा.

भाषाही विचारा. बेळगावात एरवी कन्नड-मराठी दोन्हींत निभतं, पण विस्मरण वाढलं की बऱ्याच जणांकडे आईची भाषाच उरते. तिथे मराठी कळणारी मावशीच हवी.

दिवसभराचं केंद्र किंवा ज्येष्ठांचा कट्टा चालत्या-फिरत्या, पण एकट्या पडलेल्या माणसाला उत्तम. जाण्या-येण्याची सोय आणि कमोड आहे का, एवढं बघून घ्या.

सरकारी बाजू. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालते. माहिती, सल्ला, छळाची तक्रार यांसाठी ती ठीक. रात्री-अपरात्री 112 किंवा 108. सीमेलगत मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन दुसऱ्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो, म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका आणि गाव सांगा.

कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा पेन्शन 65 वर्षांपुढे, महिना 1,200 रुपये, अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात). अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून: आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. फॉर्म कन्नडमध्ये असतो, वाचणारं माणूस सोबत न्या. या पैशात मावशी येत नाही, डब्याला मात्र हातभार लागतो.

दवाखान्याच्या फेऱ्यांना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत (11 जून 2023 पासून), साठीपुढच्या पुरुषांना 25 टक्के सवलत. कोल्हापूरला जायचं तर महाराष्ट्राच्या एसटीतला पंचाहत्तरीपुढचा मोफत प्रवास त्या राज्याच्या हद्दीपुरताच. अलीकडच्या टप्प्याचे पैसे खिशात ठेवा.

आणि मावशी ठेवण्याआधी न्हाणीघर बघा. खानापूरच्या पावसात परसातल्या फरशीवर शेवाळ धरतं. ते घासून काढणं, कमोडशेजारी 80 ते 90 सेंटीमीटर उंचीवर भिंतीत पक्का दांडा बसवणं आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढं आधी करून घ्या. टॉवेल अडकवायचा दांडा धरायला वापरू नका, अंगाचा भार आला की तो उपटून हातात येतो.