सत्तांतर: अकरा आठवडे की एक रात्र?

वादविवाद स्पर्धेत ‘निकाल आणि शपथविधी यांत मोकळा वेळ असावा का?’ असा विषय आला आणि बाजू निवडायची असेल, तर अमेरिका आणि ब्रिटन शेजारी ठेवून बघा.

अमेरिकेत मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला, शपथ थेट २० जानेवारीला. एवढा वेळ का? नव्या अध्यक्षाला सुमारे ४ हजार राजकीय नेमणुका करायच्या असतात, त्यातल्या हजारावर सिनेटची मोहर लागते. मंत्र्यांबरोबर त्यांच्या हाताखालच्या दोन-तीन पायऱ्याही रिकाम्या होतात. २००० साली फ्लोरिडाच्या मतमोजणीचा घोळ १२ डिसेंबरला मिटला आणि धाकट्या बुश यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे उरले. या उशिरामुळे महत्त्वाच्या नेमणुका रखडल्या, अशी नोंद ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेच केली आहे. शिवाय जाणारा अध्यक्ष काही हातावर हात ठेवून बसत नाही. थोरल्या बुश यांनी निवडणूक हरल्यावर, डिसेंबर १९९२ मध्ये, सोमालियात सैन्य उतरवलं. निस्तरलं क्लिंटन यांनी.

ब्रिटनमध्ये आज निकाल, उद्या घर रिकामं. स्टार्मर ५ जुलै २०२४ ला पंतप्रधान झाले आणि ९ तारखेला वॉशिंग्टनला नाटोच्या परिषदेत हजर. हे जमतं, कारण खात्यांचे सचिव जागचे हलत नाहीत आणि निवडणुकीआधीच त्यांच्याशी बोलायची मुभा विरोधकांना १९६४ पासून आहे. त्याआधीचं उदाहरण तर याहून झकास. जुलै १९४५ मध्ये, हरलेल्या जर्मनीचं काय करायचं यावर अमेरिका आणि रशियाबरोबर चाललेली पॉट्सडॅमची बोलणी अर्ध्यावर टाकून चर्चिल निकालासाठी लंडनला गेले आणि त्यांच्या खुर्चीत येऊन बसले निवडणूक जिंकलेले ॲटली. पण ते कोरे नव्हते, चर्चिलनी त्यांना सुरुवातीपासूनच सोबत नेलं होतं. एक गोष्ट मात्र कोणी कोणाला सांगत नाही. अणुहल्ल्यात देशच उरला नाही तर काय करायचं, हे नवा पंतप्रधान अण्वस्त्रं वाहणाऱ्या चार पाणबुड्यांच्या कप्तानांना स्वतःच्या हाताने लिहून देतो. आधीच्याची पत्रं न फोडताच नष्ट होतात.

मी ब्रिटनची बाजू घेईन. आपली गाडीही त्याच रुळावर आहे. १९९६ मध्ये नरसिंह रावांनी अणुचाचणीची तयारी वाजपेयींच्या कानावर घातली. ते सरकार १३ दिवसांत पडलं, पण मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झालेच.

फक्त समोरचा कारगिल काढणार, तेव्हा तयारीत राहा. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, मे-जुलैत युद्ध झालं, मतदान सप्टेंबर-ऑक्टोबरात. सेनाप्रमुख तेच, सचिव तेच, म्हणून लढाईचं अडलं नाही, असं खुशाल सांगा. पण काळजीवाहू सरकारला जाब विचारायला तेव्हा लोकसभाच नव्हती, आणि राज्यसभेचं अधिवेशन बोलवा ही विरोधकांची मागणीही तशीच राहिली. याला माझ्याकडेही उत्तर नाही.