‘द ट्वायलाइट झोन’चा ब्लू-रे संच: स्वच्छ चित्रातही टिकलेली भीती

रॉड सर्लिंग यांची ‘द ट्वायलाइट झोन’ ही प्रत्येक भागात स्वतंत्र गूढ किंवा भीतीदायक कथा सांगणारी मालिका अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ऑक्टोबर १९५९ ते जून १९६४ या काळात दाखवली गेली. पाच पर्वांतील तिचे सर्व १५६ भाग ब्लू-रे, म्हणजे अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कच्या, संचात पाहता येतात. ज्यांनी ही मालिका लहान वयात, अंधूक कृष्णधवल चित्रात पाहिली, त्यांच्या मनात तिचे काही भाग केवळ भीतीमुळे घर करून राहिले आहेत. त्यामुळे चित्र इतके स्वच्छ झाल्यावर ती भीती उरेल का, ही शंका संच हाती घेताना येतेच. माझ्या मते ती उरते, कारण यांतील उत्तम भाग प्रेक्षकापासून काय लपवायचे याचा नेमका विचार करून रचलेले आहेत. जिथे हा विचार कमी पडला आहे, तिथे मात्र स्वच्छ चित्र उणिवा उघड्या पाडते.

दोन्ही गोष्टी एकाच भागात पाहायच्या असतील तर ‘नाइटमेअर ॲट ट्वेंटी थाउजंड फीट’ (१९६३) लावावा. मानसिक आजारातून नुकत्याच सावरलेल्या प्रवाशाला वादळी रात्री विमानाच्या पंखावर एक प्राणी दिसतो आणि दुसरे कोणी पाहू लागले की तो नाहीसा होतो, अशी रिचर्ड मॅथेसन यांची ही कथा आहे. पंखावर वावरणारा प्राणी आता सरळसरळ लोकरी पोशाख घातलेला माणूस वाटतो. तरीही खिडकीच्या पडद्याचा प्रसंग तसूभरही फिका पडलेला नाही. प्रवाशाच्या भूमिकेतला विल्यम शॅटनर पडदा ओढून घेऊन झोपेचा प्रयत्न करतो, पण त्याचे लक्ष तिथून हटत नाही. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर त्याच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबतात की पडदा सरकण्याआधीच पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

या संचाचे खरे चीज ‘आय ऑफ द बिहोल्डर’ (१९६०) या भागात होते. चेहऱ्यावर बँडेज गुंडाळलेली एक स्त्री रुग्णालयात उपचाराच्या निकालाची वाट पाहत आहे आणि तिच्याभोवती वावरणाऱ्या डॉक्टरांचा किंवा परिचारिकांचा चेहरा आपल्याला बराच काळ दिसत नाही. दिग्दर्शक डग्लस हेज आणि छायालेखक जॉर्ज क्लेमेन्स यांनी हे इतक्या सहजतेने साधले आहे की प्रथम पाहताना त्यामागची योजना जाणवतही नाही: कोणी पाठमोरे उभे असते, कोणी सावलीत सरकते, कधी फक्त हात दिसतात. जुन्या अस्पष्ट चित्रात या सावल्या एकसारख्या काळ्या भासत असत. येथे काळ्या रंगाच्याही छटा वेगळ्या कळतात आणि तरीही चेहरे हाती लागत नाहीत. बँडेज उलगडतानाचे दृश्य रुग्णाच्या नजरेतून येते, एकेक थर निघताना उजेड वाढत जातो. शेवट येथे सांगत नाही, पण तो ठाऊक असणाऱ्यांनी हा भाग दुसऱ्यांदा केवळ कॅमेऱ्याच्या हालचालींसाठी पाहावा.

‘इट्स अ गुड लाइफ’ (१९६१) या भागाला अंधाराचीही गरज पडत नाही. मनात येईल ते घडवून आणू शकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलापुढे अख्खे गाव सतत हसतमुख राहते आणि त्याच्या प्रत्येक क्रूर कृत्याचे कौतुक करते. त्या प्रौढांच्या ताणलेल्या हास्यातली भीती स्वच्छ चित्रात अधिकच बोचते.

संचातील काही भागांसाठी केवळ पार्श्वसंगीत ऐकण्याचा स्वतंत्र ध्वनिमार्ग दिलेला आहे आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. ‘लिव्हिंग डॉल’ (१९६३) मधील बोलक्या बाहुलीला जून फोरे यांचा गोड आवाज आहे. त्या गोडव्याखालून बर्नार्ड हरमन यांचे मोजक्या वाद्यांचे संगीत धोक्याची सूचना देत राहते. ‘द इन्व्हेडर्स’ (१९६१) मध्ये अभिनेत्री ॲग्नेस मूरहेड एक शब्दही बोलत नाहीत, त्यामुळे तिथे जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत संवादांचीच जागा घेते.

उणिवाही आहेत. खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या पर्वातील सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित केले गेले आणि त्यांचे चित्र आजही सपाट आणि धूसर दिसते. ‘लाँग डिस्टन्स कॉल’ हा त्यांतलाच एक. खेळण्यातल्या टेलिफोनवर मृत आजीशी बोलणाऱ्या मुलाची ती कथा इतकी भयंकर आहे की तिला या चित्राचा फटका बसावा याची खरोखर हळहळ वाटते. चौथ्या पर्वातले तासाभराचे अठरा भाग एकंदरीत रेंगाळतात; ते शेवटी पाहिले तरी चालेल.

मुलांसोबत पाहणार असाल तर ‘लिव्हिंग डॉल’ आणि ‘लाँग डिस्टन्स कॉल’ हे दोन भाग आधी स्वतः पाहून मगच निर्णय घ्यावा. पहिल्यांदाच मालिका पाहणाऱ्या मोठ्यांनी ‘आय ऑफ द बिहोल्डर’पासून सुरुवात करावी आणि त्याविषयी आधी काहीही वाचू नये.